तीन तोळ्यांचा फोन

दरवर्षी घट बसायच्या आधी आमच्या घरात साफसफाई निघते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात आणि लोखंडी कपाटाच्या अगदी खालच्या खणातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबाही बाहेर येतो. त्या डब्यात आमच्या घरातले निवृत्त फोन आहेत. मी बँकेतून निवृत्त झालो २०२० साली. त्यातला सर्वांत ज्येष्ठ फोन माझ्या कितीतरी आधी सेवामुक्त झाला. सौ. तो हातात घेते, पदराने पुसते आणि ठरलेले वाक्य म्हणते, ‘‘हे पाहा, तुमचे तीन तोळे.’’

हिशेब चुकीचा नाही. २००४ साली मी तो साडेअठरा हजारांना घेतला तेव्हा सोने तोळ्याला सहा हजारांच्या आसपास होते. सदतीस वर्षे बँकेत काढूनही मला हा हिशेब फिरवता आलेला नाही. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला, त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे एकदा पाहिले आणि चहा ठेवायला उठली. ते जास्त लागले.

आज दहावीतल्या पोराच्या हातात असतो त्या स्मार्टफोनचा तो आजोबा म्हणायचा. रंगीत पडदा, कॅमेरा, इंटरनेट, नोंदवही, आवाज टिपायची सोय, असे सगळे त्यात होते. म्हणजे जाहिरातीत तरी होते. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात तेव्हा तसला फोन कितीजणांकडे होता ते मला माहीत नाही, पण घाटाखालच्या ज्या गावात मी शाखा व्यवस्थापक होतो तिथे तो एकच होता. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्याचे तेरा तालुके कागदोपत्री असतील, बोलण्यात जिल्हा दोनच भागांचा: घाटावरचा आणि घाटाखालचा. माझे गाव घाटावर, मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या काठी; नोकरी मात्र बरीचशी घाटाखाली झाली.)

पहिले होण्याची ही खोड मला जुनीच. बँकांच्या यांत्रिकीकरणाबाबत डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत शाखांमधून खतावणीची यंत्रे आली. ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ असे त्यांचे भारदस्त नाव होते. कर्मचारी धास्तावलेले होते, युनियनचा विरोध होता, आणि तो विरोध वेडगळपणाचा नव्हता. पोटाचा प्रश्न होता. पण आमच्या शाखेत ते यंत्र शिकायला कोण जातो असे विचारल्यावर हात वर करणारा मी एकटाच निघालो. सहकाऱ्यांनी महिनाभर माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही. नंतर महिनाअखेरची व्याजाची आकारणी करताना रात्रीचे अकरा वाजेनासे झाले, तेव्हा तेच लोक खुर्ची ओढून शेजारी बसले. त्या अनुभवाने माझा एक समज पक्का झाला, की नवे यंत्र पहिल्याने घेणाऱ्याला लोक आधी हसतात आणि मग त्याच्या मागे येतात. हा समज पुरता खरा नव्हता, हे कळायला तो फोन घ्यावा लागला.

आणि फोन या वस्तूची आमच्या पिढीला भूकही फार होती. १९८३ मध्ये नोकरीवर रुजू झाल्याची खबर मी घरी तारेने दिली. बोलायचेच असेल तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा, दुपारभर बाकावर बसायचे आणि लाइन लागली की सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ‘पैसे मिळाले का’ असे ओरडायचे. नंतर पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकाने निघाली, तेव्हा स्वर्ग दोन बोटे उरला असे वाटले. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला, ती बातमी मी शाखेत मोठ्याने वाचून दाखवल्याचे आठवते. मिनिटाला सोळा रुपयांच्या घरातला दर ऐकून आमचे रोखपाल म्हणाले होते, ‘‘साहेब, एवढ्यात तर एसटीने जाऊन समक्ष बोलून येईन.’’ आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते थांबले २००३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात बीएसएनएलने मोबाइल सेवा सुरू केली होती, आणि मग हळूहळू आमच्याकडेही उंच मनोरे दिसू लागले. अशा वेळी साधा फोन घेऊन गप्प बसावे एवढा शहाणपणा माझ्यात नव्हता. एका शनिवारी तेव्हाच्या औरंगाबादला गेलो आणि रविवारी खिशात स्मार्टफोन घेऊन परत आलो. घरी किंमत दोन दिवसांनी सांगितली.

पहिला आठवडा मोठा गमतीचा गेला. खातेदार कर्जाचे बोलायला येत आणि फोन बघून जात. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. २००५ नंतर दहा-दहा, बारा-बारा तासांचे भारनियमन गावोगाव नेमाचे झाले, पण वीज जायला तसे आमच्याकडे कधी निमित्त लागत नसे. तिजोरीची किल्ली लावायची वेळ, सगळीकडे अंधार. मी ऐटीत फोन काढला. पडद्याचा निळसर उजेड माझ्या नाकापलीकडे जाईना. आमच्या शिपायाने विचारले, ‘‘साहेब, तुमच्याच्यात बॅटरी नाही काय जी?’’ आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. त्याने आपल्या खिशातून नोकिया ११०० काढला, एक बटण दाबले आणि तिजोरीच्या भोकावर लख्ख उजेड पडला. तो फोन २००३ मध्ये आला होता. धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर अखंड रबर, हातातून निसटू नये म्हणून कडा खरबरीत आणि डोक्यावर दिवा. पुढे जगभरात पंचवीस कोटींहून जास्त खपला. तो बनवणाऱ्यांनी खेड्यातल्या माणसाला काय लागते याचा विचार केला होता. माझा फोन बनवणाऱ्यांनी माझा विचार केलेला नव्हता. मीच आपण होऊन त्यांच्या विचारात जाऊन बसलो होतो.

शिवाय दुसऱ्या अर्थाची बॅटरीही माझ्याकडे नसे. शिपायाचा फोन आठवडाभर चाले. माझा सकाळी भरला की संध्याकाळी मान टाकी. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे फोन भरायचा म्हणजे पहाटे चारला उठायचे. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे यंत्र सोबत घेऊन फिरता येत असेल. मी त्याला गाईगुरासारखे वेळच्या वेळी दाणापाणी करीत होतो. राजूर घाट चढू लागले की रेंज जाई आणि बुलडाणा दिसू लागले की येई. एकदा कुतूहलाने इंटरनेट उघडले, एका वर्तमानपत्राचे पान अर्धे दिसले, आणि महिन्याचे बिल सातशे रुपयांनी जास्त आले. त्या अर्ध्या पानावर काय होते ते आठवत नाही.

पण खरी गंमत लिपीची. माझ्या त्या महागड्या फोनला मराठी येत नव्हती. कादंबऱ्या लिहिणारा माणूस मी, आणि मला माझ्या भाषेतले एक अक्षर त्यात उमटवता येईना. म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. एका संध्याकाळी बँकेतल्याच एका स्नेह्याचा निरोप आला: ‘कर्जदार मेला. उद्या अकराला या.’ निदान मी तो तसा वाचला. आमचा एक मोठा कर्जदार तेव्हा अकोल्याला दवाखान्यात होता. रात्रभर मला झोप नाही. एक तर माणूस भला होता आणि दुसरे म्हणजे त्याच्या जिनिंगच्या कर्जाचे कागद नुकतेच नवे करून घ्यायचे होते. कोणत्या दुःखाने मी जास्त तळमळत होतो ते आज सांगवत नाही. सकाळी पांढरे कपडे घातले, लांब चेहरा केला आणि निरोप देणाऱ्याच्या शाखेत गेलो. दारावर झेंडूच्या माळा, आत लाउडस्पीकर. कर्जदार मेळा होता. मला पाहुणा म्हणून बोलावले होते. कर्जदार स्वतः पहिल्या रांगेत बसून पेढा खात होता. दवाखान्यातून त्याला परवाच सोडले होते.

हे मी आता हसत सांगतो, पण देवनागरीसाठी आम्हाला बरीच वर्षे थांबावे लागले ही काही हसण्याची गोष्ट नव्हे. नंतर घेतलेल्या फोनमध्येही सुरुवातीला मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत. मुलाने पाठवलेले पत्र उघडावे तर चौकोनांच्या ओळीच्या ओळी, जणू काही बँकेचा कोरा अर्ज. आपली भाषा बोलणारे कोट्यवधी असूनही यंत्रात तिला जागा सर्वांत शेवटी. पहिल्याने गेलेल्याला हे आधी कळते, एवढाच काय तो फायदा.

जगभर या बाबतीत पहिल्यांचे असेच झालेले आहे. आयबीएमचा ‘सायमन’ हा पहिला स्मार्टफोन मानतात. १९९४ मध्ये अमेरिकेत विकायला आला. पडद्याला हात लावून चालणारा, फॅक्ससुद्धा पाठवणारा. किंमत आठ-नऊशे डॉलर, बोलायला बॅटरी तासाभराची. सुमारे पन्नास हजार विकले गेले आणि विषय संपला. आपल्याकडे ॲपलचा आयफोन थ्रीजी २२ ऑगस्ट २००८ रोजी अधिकृतपणे आला, तो एकतीस हजारांपासून पुढे. तेव्हा भारतात थ्रीजी सेवाच सुरू झालेली नव्हती! ती सरकारी कंपन्यांनी त्यानंतर काही महिन्यांनी आणायला सुरुवात केली, आणि खासगी कंपन्यांच्या लहरींचा लिलाव व्हायला २०१० उजाडले. म्हणजे लोकांनी आधी नाव घेतली आणि मग नदीची वाट पाहिली. त्यांना मी हसणार नाही. मी त्याच जातीचा.

आता थोडे त्या फोनच्या बाजूने बोलतो, नाहीतर कृतघ्नपणा होईल.

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी तीन हजार सातशे पन्नास कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात आमचा जिल्हा होता. त्या काळात कर्जाच्या पाहणीसाठी मी फार हिंडलो. तपासणीच्या अहवालाला फोटो जोडायची तेव्हा सक्ती नव्हती, पण माझ्याजवळ कॅमेरा होता म्हणून मी काढी. एका शेतकऱ्याने नवी विहीर खोदली होती, तिला पाणी लागले त्याच आठवड्यात मी गेलो. गडी काठावर उभा राहून पोटभर हसत होता. त्या हसण्याचा फोटो मी घेतला, शाखेतल्या संगणकावर चढवला, विसरून गेलो. चार वर्षांनी त्याचा मुलगा शाखेत आला. बाप हृदयविकाराने गेला होता. घरात फोटो होता तो निवडणूक ओळखपत्रावरचा, आणि त्यात, त्या मुलाच्याच शब्दांत, ‘‘बाबा पोलिसाईनं धरून आणल्यावानी दिसतेत.’’ कोणीतरी त्याला सांगितले होते की साहेबाने विहिरीवर फोटो काढला होता. तो सापडला. खामगावच्या स्टुडिओतून मोठा करून घेतला. नंतर एकदा त्या घरी गेलो तर हार घातलेला तोच फोटो, आणि घरातली लहान मुले त्याच्याकडे बघून हसत होती. कारण तो माणूसच हसत होता.

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे आणि ती अशी गोड संपत नाही. २००५ च्या दिवाळीत गावी गेलो असताना मी आईचा आवाज त्या फोनवर टिपला. आधी ती तयार होईना. ‘‘ह्यात बोलू? मंग ते कोणाले आयकू येते?’’ असे विचारू लागली. मग बोलली. जेमतेम मिनिटा-मिनिटाचे सात-आठ तुकडे. जात्यावरच्या दोन ओव्या, माझ्या आजीने तिला पहिल्या दिवशी काय स्वयंपाक करायला लावला होता ती हकिकत, आणि एका तुकड्यात नुसतीच मला बोलणी, विहिरीचा दोर बदलायला सांगितले होते तो अजून का बदलला नाही म्हणून. २००९ मध्ये ती गेली. तोवर मी दुसरा फोन घेतला होता. पहिला असण्याची खोड गेलेली नव्हती. जुना फोन सौ.ने डब्यात ठेवला. आई गेल्यावर सहा महिन्यांनी मी तो काढला, तर चालू होईना. बॅटरी फुगली होती. तशी बॅटरी बाजारात मिळेना, संगणकाला जोडायची तार तसल्या तोंडाची कोणाकडे नाही, आणि ते तुकडे कार्डात नव्हते, फोनच्या पोटातच होते. विहिरीवरच्या माणसाचा फोटो मी संगणकावर चढवला होता कारण ते बँकेचे काम होते. आईचे तुकडे चढवायचे मला सुचले नाही. ती जिवंत होती ना तेव्हा.

अकोल्याच्या एका कारागिराने फोन उघडून पाहिला. म्हणाला, ‘‘खटपट केली तर सुरू होईल, पण सुरू करताना सगळं पुसलं गेलं तर मला बोलू नका.’’ मी फोन परत घेऊन आलो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली खिशातली डायरी अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात मी आईचीच बोलण्यातली वाक्ये पेन्सिलीने टिपून ठेवली होती, कादंबरीत वापरायला. ती आजही वाचता येतात, चष्मा तेवढा लागतो.

इथवर जे सांगितले ते सगळे नुकसान मी हौसेने करून घेतलेले आहे. तीन तोळे माझे होते, पाहणीला निघालेले लोक माझे होते, विसरलेला आवाजही माझ्याच आईचा. पहिल्याने जाणाऱ्याने रडू नये. त्याला मागे फिरायची वाट मोकळी असते. फोन बंद पडला तर मी चेक लिहीत होतो, रेंज गेली तर एसटीडीच्या दुकानात शिरत होतो, मराठी उमटली नाही तर आंतर्देशीय पत्र लिहीत होतो. माझ्या हौसेला भोवतालच्या जुन्या जगाचा टेकू होता, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

आज शेवटी येणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला ती वाट नाही. एसटीडीची दुकाने गेली, तार १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आल्यानंतर स्वस्त इंटरनेट वाडीवस्तीपर्यंत गेले. हे सगळे चांगले झाले असे मी मानतो. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देश टाळेबंदीत होता आणि तरी लोकांच्या फोनमधून ते पाणी दोन दिवसांत जगभर गेले. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते हॅलोआर्किया या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे सांगितले, तेही आम्ही फोनवरच वाचले. फोनमध्ये कॅमेरा कशाला लागतो, असे मला विचारणारे लोक त्या जूनमध्ये मला फोटो पाठवीत होते. (आदल्या वर्षी यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. तो कुठून कसा आला हे कळले, कारण त्याच्या गळ्यात पट्टा होता. आपण आपला पट्टा पैसे देऊन खिशात ठेवतो, वाघाला निदान झोपवून बांधावा लागला.)

पण हळूहळू काय झाले, की जी हौस होती ती अट झाली. यात माझाही हात आहे. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत किती खातेदारांना मोबाइल बँकिंग सुरू करून दिले याचा आकडा दर आठवड्याला वर कळवावा लागे. मी उत्साहाने कळवला. पासबुक भरून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना मी काउंटरवरून उठवून ‘‘आजोबा, फोनवर बघत जा’’ असे सांगितले. त्यातल्या कितीतरीजणांच्या खात्याला जोडलेला नंबर त्यांचा नव्हताच. पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेल्या मुलाचा होता. म्हणजे पैसे आजोबांचे, खाते आजोबांचे आणि ओटीपी सुरतेला. पैसे काढायचे तर मुलाला सुट्टी कधी मिळते ते पाहायचे. एका आजीने मला विचारले होते, ‘‘आंगठा मी इथं लावते आन् चावी त्याच्यापाशी कावून?’’ मी हसलो होतो. आता वाटते, मी हसायला नको होते. तिने बँकिंगच्या परीक्षेतला प्रश्न विचारला होता.

शेतात तर हा प्रकार उघड दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवर पिकाचा फोटो घ्यायचा आणि सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा. कल्पना उत्तम आहे. तलाठ्याने घरबसल्या मागच्या वर्षीचाच पेरा उतरवायचा हा जुना प्रकार मी कर्जाच्या कागदांत पुष्कळ पाहिलेला आहे. कापूस उभा आणि सातबाऱ्यावर ज्वारी. शेतकऱ्याच्या हाती त्याची स्वतःची नोंद आली हे थोडे नव्हे. पण नोंद एकदा फोनवर आली की मदतही फोनमागे जाते. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजार रुपये देण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा आधी ई-पीक पाहणीतली नोंद हाच आधार धरला. ओरड झाली आणि मग सातबाऱ्यावर पेरा असलेल्यांनाही घेतले. ओरड झाली नसती तर?

माझी धाकटी काकू गावी एकटी असते. पंचाहत्तरी उलटली, दोन एकर सोयाबीन, हातात बटणांचा फोन. डोक्यावर दिवा असलेला. मागे एकदा तिची नोंद राहून गेली. मी समजावू लागलो की ॲप असे असते, अक्षांश-रेखांश असे जुळावे लागतात, वावरात रेंज नसली तर नोंद चढत नाही. ती निंदण करता करता ऐकत होती. म्हणाली, ‘‘सोयाबीन उभं हाये. तुले दिसते, मले दिसते, तलाठ्याले दिसते. मंग त्या फोनलेच कावून दिसत नाही?’’

मला उत्तर आले नाही. आजही माझ्याजवळ याचे एकच उत्तर आहे आणि ते बँकेत शिकलेले आहे. यंत्र आले तेव्हा आम्ही पहिली काही वर्षे खतावणीची वहीही लिहीत होतो. दुप्पट काम पडे, आम्ही कुरकुर करीत असू. पण यंत्र चुकले त्या दिवशी खातेदाराला परत पाठवावे लागले नाही, कारण वही होती. फोन सगळ्यांना द्या, शिकवा, त्यावर नोंदी घ्या. माझा विरोध असण्याचे कारणच नाही, मी या वस्तूवर तीन तोळे घालवलेले आहेत. पण बँकेतली एक खिडकी, तहसीलमधला एक टेबल आणि गावात पाहणीला वेळेवर येणारा एक माणूस एवढे चालू ठेवा. गावपातळीवर मदतनीस नेमण्याची सोय सरकारने केली, हे बरे केले. तो पेरणीनंतर यावा, कापणीनंतर नव्हे. यात खर्च आहे, हे मी जाणतो. मी बँकेत होतो, मला खर्च दिसतो. मेहकरच्या बाजाराचा दिवस बुडवून, चाळीस रुपये भाडे देऊन, कोणाच्या तरी पोराला फोनसाठी विनवीत म्हातारी माणसे फिरतात, तोही खर्चच आहे. तो फक्त कोणाच्या ताळेबंदात येत नाही.

तोवर गावातला हा कारभार माझ्याकडे आलेला आहे. खरीप आला की काकू आणि तिच्या वयाच्या चार-पाचजणी मला निरोप धाडतात. मी मेहकरहून एसटीने जातो. काकूच्या वावरात रेंज येत नाही. बांधावरून वर चढून चिंचेच्या झाडापाशी गेले की दोन काड्या दिसतात. फोटो खाली काढायचा, चढवायला वर जायचे, परत दुसरीच्या वावरात उतरायचे. पासष्टाव्या वर्षी हे काम गुडघ्यांना मानवत नाही, पण गावातली माणसे मला आता लेखक म्हणून ओळखत नाहीत, फोनवाला म्हणून ओळखतात. एकीने परवा विचारले, तुमच्या फोनमध्ये बॅटरी आहे ना. कुठल्या अर्थाने विचारले ते मी विचारले नाही.

उद्या सोमवारी पुन्हा जायचे आहे. पाऊस उघडला तर पाच वावरे होतील. सौ.ने पिशवीत पॉवर बँक, पाण्याची बाटली आणि काकूसाठी डिंकाचे लाडू ठेवले आहेत. घट बसायला अजून वेळ आहे, पण तिने कपाटही आताच काढले. जुना फोन पुसून झाला, तीन तोळ्यांचे वाक्य म्हणून झाले, आणि मग तिने तो इतर फोनांच्या डब्यात न टाकता मऊ फडक्यात गुंडाळून वरच्या खणात, आईच्या लुगड्याशेजारी ठेवला.